जुलैतला वारा आणि गेलेली लाईट: घरची पवनचक्की ग्रिडला जोडताना

पाटण तालुक्यात माझ्या मावसभावाचं घर आहे. अंगणात उभं राहिलं की समोरच्या पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांची रांग दिसते. काही वर्षांपूर्वी जुलैत एका रात्री त्याचा फोन आला. "दादा, समोर एवढी चक्रं गरागरा फिरतायत आणि माझ्या घरात परवापासून लाईट नाही. आपल्या अंगणात एक छोटी उभी केली तर?"

मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतो. असे प्रश्न मला रोजचे. म्हटलं, "उभी कर की. पण ती नुसती महावितरणच्या लाईनला जोडलीस, तर लाईट गेल्यावर तीही बंद पडेल." तो काही बोलेना. फोनमधून बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

एवढा वारा दारात असताना चक्री बंद का पडावी, हे त्याला त्या रात्री फोनवर पटवता आलं नाही. पुढे दिवाळीत समोर बसून, कागदावर चित्रं काढून समजावलं. तेच इथे लिहितोय. ज्यांना घरी छोटी पवनचक्की लावून ती ग्रिडला, म्हणजे गावातून येणाऱ्या सार्वजनिक वीजपुरवठ्याला जोडायची आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी एवढं समजून घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चक्रातली वीज आणि खांबावरची वीज

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. ५० हर्ट्झ म्हणजे तारेतला प्रवाह सेकंदाला ५० वेळा एक पूर्ण हेलकावा घेतो. घरचा पंखा, मिक्सर, पंप सगळं याच हिशेबाने बनवलेलं असतं.

छोट्या पवनचक्कीतून येते ती वीज मात्र वाऱ्याच्या मर्जीची. पात्यांच्या मागे एक जनित्र असतं, त्यात कायमचे चुंबक बसवलेले असतात. पाती हळू फिरली तर हेलकावे कमी आणि व्होल्टही कमी. झुळूक जोरात आली की दोन्ही वाढतात. आत्ता २० हर्ट्झ, दोन सेकंदांनी ३५, मग परत १५. अशी वीज थेट खांबावरच्या तारेला लावली तर काही तरी जळणारच.

म्हणून मधे दोन टप्पे येतात. जनित्रातून तीन वायरी निघतात. आधी रेक्टिफायर त्यांतली हेलकावे घेणारी वीज सरळ, एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी करतो. मग इन्व्हर्टर त्या डीसीपासून पुन्हा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज घडवतो. घडवतो हा शब्द मुद्दाम वापरला. ग्रिडला जोडायच्या इन्व्हर्टरचं खरं काम इथेच सुरू होतं.

भजनाला उशिरा पोचलेला माणूस काय करतो ते आठवा. चाललेल्या भजनात तो येऊन बसतो, टाळ हातात घेतो, पण लगेच वाजवत नाही. एक-दोन आवर्तनं ऐकतो, पायाने ठेका धरतो आणि समेवर अलगद मिसळतो. इन्व्हर्टर हेच करतो. तारेतला हेलकावा कधी शून्यावर येतो, कधी चढतो, हे तो आधी पाहतो आणि आपला हेलकावा बरोबर त्याच्या तालात आणतो. ताल जुळला की मगच जोडणी होते. नियमानुसार ग्रिडचे व्होल्ट आणि हर्ट्झ मर्यादेत येऊन किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्याला जोडून घेता येत नाही.

हा ताल धरतं कोण? आमच्याकडचं माणूस म्हणेल कोयना. १,९६० मेगावॉटच्या त्या वीजप्रकल्पाचं धरण तालुक्यातलंच, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण कोयनेची यंत्रंसुद्धा फार मोठ्या भजनी मंडळातली एक फळी आहेत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्टची, लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या तालात आलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच हर्ट्झ चालतो. मावसभावाच्या अंगणातल्या एक किलोवॉटच्या चक्रीने या सगळ्यांच्या ठेक्यात मिसळायचं आहे. स्वतःचा ठेका तिने धरायचाच नाही.

लाईट गेल्यावर

आता समजा, मंडळ उठून गेलं. दूर कुठे तरी फांदी पडली, तार तुटली, लाईट गेली. चक्री अजून फिरतेय. इन्व्हर्टरने वीज घडवणं चालू ठेवलं तर काय होईल?

माझ्या वर्गातून बाहेर पडलेली बरीच पोरं आज लाईनमन आहेत. त्यांतल्या एकाने सांगितलेली गोष्ट मी दरवर्षी नव्या बॅचला सांगतो. लाईन दुरुस्तीसाठी त्याने रीतसर परमिट घेतलं होतं, मागचा पुरवठा बंद होता. खांबावर चढून हात लावण्याआधी त्याने सवयीप्रमाणे अर्थिंगचा, म्हणजे तार जमिनीला जोडणारा रॉड तारेला टेकवला आणि चट्कन ठिणगी उडाली. जवळच्या एका कार्यालयात लग्न होतं. लाईट गेली म्हणून तिथे जनरेटर चालू केलेला आणि मधे चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच, नव्हताच. जनरेटरची वीज कार्यालयाच्या मीटरमधून उलटी बाहेर तारेत आली होती. लाईनमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात. त्या दिवशी रॉडने पोराला वाचवलं.

रिटर्न सप्लाय डीपीपर्यंत पोचला तर गोष्ट आणखी भयंकर होते. डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, जो ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो. तो दोन्ही बाजूंनी चालतो. इकडून २३० व्होल्ट गेले तर पलीकडे हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. एक किलोवॉटची चक्री अख्ख्या गावाचा भार ओढू शकत नाही, ती लगेच दम तोडेल, हे खरं. पण तार तुमच्या घराजवळच तुटलेली असली आणि भार दोन-चार बल्बांचाच असला, तर ती दम तोडणार नाही. आणि माणसाला मारायला २३० व्होल्ट पुरतात.

म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत एक कडक अट आहे. मुख्य पुरवठा तुटून तुमचा तुकडा एकटा पडला, तर दोन सेकंदांच्या आत तुमच्या यंत्राने तारेत वीज सोडणं थांबवलं पाहिजे. या एकट्या पडलेल्या तुकड्याला अभियंते बेट म्हणतात. समुद्रात एकटं उरलेलं बेट, तसंच.

पण आपण एकटे पडलोय हे इन्व्हर्टरला कळतं कसं? व्होल्ट आणि हर्ट्झ एकदम ढासळले तर सरळच कळतं. कधी कधी मात्र योगायोगाने चक्रीची वीज आणि त्या तुकड्यातला भार सारखाच असतो, मग काहीच ढासळत नाही. त्यासाठी इन्व्हर्टर अधूनमधून ठेका किंचित पुढे रेटून बघतो. अख्खं मंडळ वाजवत असताना एकाने टाळ जरा घाईत वाजवला तर मंडळाचा ताल हलत नाही, उलट तोच परत ओढला जातो. मंडळ उठून गेलं असेल तर त्याच्या एकट्याच्या घाईने ताल खरोखरच पुढे सरकतो. तसा सरकलेला दिसला की इन्व्हर्टर समजतो, आपल्याशिवाय इथे कुणी नाही, आणि गप्प बसतो.

घाटमाथ्यावर राहणाऱ्याला याचा अर्थ ऐकताना त्रास होतो. आपल्याकडे वाऱ्याचे खरे महिने जून ते सप्टेंबर. तारा तुटण्याचे, फांद्या पडण्याचे, लाईट जाण्याचे महिनेही तेच. ज्या रात्री चक्री सगळ्यात जोरात फिरते, त्याच रात्री ग्रिड नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. छपरावरच्या सौर पॅनेलवाल्याला हे दुखणं इतकं जाणवत नाही, कारण त्याचा सुगीचा काळ फेब्रुवारी ते मे, तेव्हा लाईन त्या मानाने बरी असते.

सुटलेली चक्री

सौर आणि वारा यांत आणखी एक फरक आहे. सौरच्या सवयीने पवनचक्की जोडणारे इथेच फसतात.

सौर पॅनेलची वीज घेणं थांबवलं तर ते उन्हात शांत पडून राहतं. त्याला काही होत नाही. पवनचक्कीचं तसं नाही. तिची वीज घेणं हाच तिच्यावरचा लगाम असतो. वर्गात मी एक छोटं जनित्र टेबलावर ठेवतो आणि पोरांना दांडा हाताने फिरवायला सांगतो. तीन वायरी मोकळ्या असताना दांडा बोटाच्या टिचकीने फिरतो. मग त्या तिन्ही वायरींची टोकं एकत्र पिळतो आणि म्हणतो, आता फिरव. दांडा चिखलात रुतल्यासारखा जड होतो. दोन्ही हातांनी जोर लावला तरी कण्हत कण्हत फिरतो. त्या क्षणी पोरांच्या तोंडावर जे उमटतं, ते बघायला मला आजही आवडतं. विजेला वाट मिळाली की ती फिरणाऱ्याला मागे ओढते, हे त्यांना मनगटात कळलेलं असतं.

आता लाईट गेली, इन्व्हर्टरने हात काढून घेतला, म्हणजे वायरी मोकळ्या झाल्या. वर वारा ताशी ५० किलोमीटरचा. लगाम सुटलेली चक्री सुसाट सुटते, व्होल्ट भराभर चढतात, रेक्टिफायर आणि इन्व्हर्टर जळू शकतात, पाती तुटून उडू शकतात. म्हणून चांगल्या जोडणीत विजेला दुसरी वाट तयार ठेवलेली असते. त्याला डंप लोड म्हणतात. गिझरच्या कॉइलसारखी एक जाडजूड कॉइल असते. व्होल्ट ठरावीक मर्यादेच्या वर गेले की कंट्रोलर चक्रीची वीज तिच्यात वळवतो, वीज उष्णता होऊन जाते आणि चक्रीवरचा लगाम कायम राहतो. ही कॉइल चांगलीच तापते. लाकडी फळीवर, पडद्याजवळ, गोठ्यातल्या कडब्याशेजारी ती कधीच बसवू नका. मावसभावाने ती सिमेंटच्या भिंतीवर, जाळीच्या पेटीत बसवली आहे.

यांत्रिक सोयही हवी. बऱ्याच छोट्या चक्र्यांचं शेपूट वारा फार झाला की दुमडतं आणि पाती वाऱ्याच्या तोंडातून बाजूला वळतात. शिवाय तीन वायरी एकत्र जोडणारा ब्रेक स्विच असतो, टेबलावर दाखवतो तोच प्रयोग मोठ्या आकारात. तो वादळ येण्याआधी, चक्री सावकाश असताना टाकायचा. चक्री पूर्ण वेगात असताना टाकलात तर ती थांबेलच असं नाही, जनित्राची वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, मात्र भाजून निघू शकते.

विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: लाईट गेली, वारा जोरात आहे, तर वीज कुठे जाणार? उत्तर द्यायला तो अडखळला, तर तिथून उठा.

मग करायचं काय

तीन वाटा आहेत. एक, नुसती ग्रिडला जोडलेली चक्री, बॅटरी नाही. स्वस्त, देखभाल कमी, पण लाईट गेली की बंद. शहराजवळ, लाईन पक्की असेल तिथे चालेल. दुसरी, ग्रिडशी संबंधच नसलेली, बॅटरीवर चालणारी. दूरच्या वस्तीला, शेतघराला ठीक. तिसरी हायब्रीड, आणि घाटमाथ्यावर मी तिचाच आग्रह धरतो.

हायब्रीडमध्ये चक्रीची वीज कंट्रोलरमधून बॅटरीत जाते. बॅटरीला हायब्रीड इन्व्हर्टर जोडलेला असतो. तो घर चालवतो आणि उरलेली वीज ग्रिडला देतो. लाईट गेली की तो आधी घराचा बाहेरच्या तारेशी असलेला संबंध तोडतो, खरोखरचा संपर्क वेगळा करून. मगच घरातल्या ठरावीक बल्ब-पंख्यांना वीज देतो. आता तो स्वतःचा ठेका धरतो, पण दार लावून घेऊन. बाहेर तारेत काही जात नाही. लाईट आल्यावर पुन्हा ऐकणं, ताल जुळवणं, मग जोडणं. बॅटरीचा खर्च वाढतो, काही वर्षांनी ती बदलावी लागते, हे मान्य. पण जुलैतला तो वारा वाया जात नाही.

वारा आधी मोजा

इथे थोडं गणित आहे, ते टाळून चालणार नाही. वाऱ्यातली ताकद वाऱ्याच्या वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. आणि त्या ताकदीतला सगळा हिस्सा कुणालाच काढता येत नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली दाखवून दिलं की कितीही उत्तम पाती केली तरी ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, कारण हवेला पात्यांमागून निघून जायलाही थोडा वेग शिल्लक लागतो. घरगुती चक्रीत पाती, जनित्र, इन्व्हर्टर सगळ्यांची गळती धरून पाव हिस्सा हाती लागला तरी चांगलं.

तीन मीटर व्यासाची चक्री घ्या. वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास असेल, तर मिळतात जेमतेम ३० वॉट. ५ मीटरला १३० च्या आसपास. १० मीटरला हजाराच्या पुढे. पेटीवर छापलेला एक किलोवॉट हा त्या शेवटच्या वेगाचा आकडा असतो. वर्षातले बहुतेक दिवस आपल्या अंगणात तो वेग नसतो. पठारावर तर उंचीमुळे हवाच साधारण दहावा हिस्सा विरळ असते, तेवढी आणखी घट धरा.

सरासरीही फसवते. एका दिवशी दिवसभर ५ चा वारा. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस शून्य, अर्धा दिवस १०. सरासरी दोन्हींची ५. पण घनाच्या हिशेबात दुसरा दिवस चौपट देतो. म्हणून झुळूक अंगाला किती छान लागते यावरून काहीच ठरवू नका.

ढोबळ अंदाज असा: तीन मीटरची चक्री, वर्षभराची सरासरी ४ मीटर असेल तर वर्षाला ९०० युनिटांच्या आसपास, ५ असेल तर १,८०० पर्यंत आणि ३ असेल तर ४०० सुद्धा नाहीत. त्याच्या शेजारी हे ठेवा: महाराष्ट्रात एक किलोवॉट सौर पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला १,४०० च्या पुढे देतं आणि त्यात फिरणारा एकही भाग नाही. पुण्यात, नागपुरात, लातुरात घराच्या छपरावर चक्री लावायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लावू नका, ते पैसे सौरला घाला. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती सौरला ७८,००० रुपये अनुदानही आहे. ते फक्त सौरला मिळतं, चक्रीला नाही.

सह्याद्रीचा माथा, कोकणातला उघडा कडा, धुळ्यात साक्रीकडची ब्रह्मणवेलसारखी पठारं, इथली गोष्ट वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये पाटणच्या पठारावर धुकं उतरलं की सूर्य दिसत नाही, सौर पॅनेल नुसतं भिजत पडतं. नेमका तेव्हाच वारा भरात असतो. एकाचा पडता काळ दुसऱ्याच्या सुगीचा. म्हणून अशा ठिकाणीसुद्धा आधी सौर आणि जोडीला चक्री, हाच क्रम मी सांगतो.

आणि उंचीवर कंजुषी नको. ६ मीटरवरून १८ मीटरवर गेलात तर मोकळ्या माळावर वेग साधारण १७ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला थोडा वाटतो, पण घनामुळे ताकद ६० टक्क्यांनी वाढते. जाणकारांचा नियम असा की १५० मीटरच्या परिघात जे काही उंच आहे, झाड असो की पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक किमान ९ मीटर वर हवं. छपरावर वारा भोवऱ्यासारखा घुसळतो, चक्री डोकं हलवत राहते, वीज येत नाही आणि थरथर भिंतींत उतरते. खांब जमिनीत, घरापासून लांब, ताणाच्या तारा पक्क्या. आडवा झाला तर शेजाऱ्याच्या कौलांवर जाणार नाही एवढी जागा भोवती मोकळी हवी. ग्रामपंचायतीला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.

लाईन कशी आहे ते बघा

ही गोष्ट कोणताही विक्रेता आपणहून सांगत नाही. इन्व्हर्टर ग्रिडशी जोडलेला राहायला व्होल्ट ८० ते ११० टक्क्यांत लागतात, म्हणजे २३० च्या हिशेबात १८४ ते २५३. त्याबाहेर गेले की दोन सेकंदांत सुटायचं. हर्ट्झ ४७.५ च्या खाली किंवा ५०.५ च्या वर गेला तर ०.२ सेकंदांत. हर्ट्झची चिंता नको, देशाचं ग्रिड तो ५० च्या अगदी जवळ राखतं. व्होल्टचं मात्र गावात खरं नसतं. डीपीपासून लांब, लाईनच्या शेपटाला घर असेल तर संध्याकाळी १८० होतात. इन्व्हर्टर सुटतो, मिनिटाने जोडतो, परत सुटतो. चक्री दरवेळी मोकळी आणि दरवेळी डंप लोड तापतं.

म्हणून साधा मल्टिमीटर घ्या. आठवडाभर सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री झोपताना व्होल्ट वहीत लिहा. मावसभावाच्या पोरीने ही वही ठेवली होती, बारीक सुवाच्य अक्षरात. संध्याकाळचे आकडे १७८, १८१, १७९ असे निघाले. ती वही घेऊन अर्ज केल्यावर त्यांच्या वाडीच्या लाईनचं काम झालं. चक्री त्यानंतर आली.

खांबापासून घरापर्यंतची वायरही बघा. चक्री ४८ व्होल्टची असेल तर एक किलोवॉट म्हणजे २१ अँपिअरच्या आसपास. अंतर ४० मीटर, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन ८० मीटरमध्ये शंभरेक वॉट वायरीतच जिरतात. दहातला एक युनिट वायर गरम करण्यात गेला. चक्री जास्त व्होल्टची घेतली तर ही गळती नगण्य होते. खांबाचं अर्थिंग वेगळं आणि खोल घ्या, वीज पडण्यापासूनचं संरक्षण त्यात धरा. पठारावर उंच लोखंडी खांब म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण.

मीटर आणि कागद

ग्रिडला दिलेल्या विजेचा हिशेब ठेवणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. तो घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे मोजतो. महिन्यात ११० घेतले, ४० दिले, तर बिल ७० चं. जास्त दिले तर ते पुढच्या महिन्यात जमा होतात आणि आर्थिक वर्ष संपताना उरलेल्यांचा हिशेब वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने होतो. स्थिर आकार काही सुटत नाही. चक्रीची क्षमता तुमच्या मंजूर भाराच्या आत हवी, तो भार बिलावर छापलेला असतो.

ग्राहकाने कंपनीला वीज परत द्यायची ही कल्पना आज साधी वाटते, पण ती एका छोट्या पवनचक्कीच्या भांडणातून पुढे आली आहे. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पूर्व ११ व्या रस्त्यावर, ५१९ क्रमांकाच्या पडक्या इमारतीत राहणाऱ्या सामान्य लोकांनी स्वतःच्या कष्टाने ती दुरुस्त केली आणि छपरावर २ किलोवॉटची पवनचक्की चढवली. वारा असला की त्यांचा मीटर उलटा फिरायचा. कॉन एडिसन या वीज कंपनीने हरकत घेतली, प्रकरण तिथल्या आयोगापुढे गेलं आणि रहिवाशांना जोडणी ठेवता आली. १९७८ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला की वीज कंपन्यांनी अशा छोट्या उत्पादकांची वीज घेतली पाहिजे. त्या इमारतीतल्या माणसांचे आपण सगळेच थोडे ऋणी आहोत, असं मला वाटतं.

आपल्याकडे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०१५ चे नेट मीटरिंगचे नियम छपरावरच्या सौरपुरते होते. २०१९ च्या नियमांच्या नावातच सौरऐवजी नवीकरणीय ऊर्जा हा शब्द आला. तरी महावितरणच्या उपविभागात येणारे जवळजवळ सगळे अर्ज सौरचे असतात, तुमचा वाऱ्याचा अर्ज वेगळा दिसणार. त्यामुळे यंत्र विकत घेण्याआधी लेखी विचारा: आमच्या डीपीवर एवढ्या क्षमतेला जागा आहे का, इन्व्हर्टरची कोणती प्रमाणपत्रं लागतील. उत्तर लेखीच घ्या. इन्व्हर्टर वाऱ्यासाठी बनवलेला आणि बेटापासून संरक्षण असलेला आहे, हे त्याच्या चाचणीच्या कागदावर स्वतः वाचा. चक्रीची चाचणी झाली आहे का, तेही विचारा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचं चाचणी केंद्र तमिळनाडूत कायथर इथे आहे.

आणि एक स्विच. मीटरजवळ, बाहेरच्या बाजूला, हाताने चालवायचा, कुलूप लावता येईल असा. इन्व्हर्टर आपोआप बंद होत असला तरी हा लागतोच. त्याचं पातं सुटलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे, कारण खांबावर चढणारा माणूस आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर भरवसा ठेवून चढू शकत नाही आणि त्याने तसा ठेवूही नये. पेटीवर लाल अक्षरात लिहा: इथे दोन्हीकडून पुरवठा आहे.

मावसभावाची जोडणी झाली त्या दिवशी मी वाडीच्या लाईनमनला बोलावून घेतलं होतं. त्याने पेटी उघडली, स्विच स्वतःच्या हाताने दोनदा खाली-वर केला, बॅटरी मारून आत पाहिलं आणि पातं सुटल्यावर मधली फट बोटाने मोजली. मग कुलपाची दुसरी किल्ली मागून घेतली आणि आपल्या जुडग्यात अडकवली.